किमान वेतन आणि स्थलांतरित कामगार : एका जुन्या वादाची सद्यःस्थिती

प्रश्न

कारखान्यात राबणाऱ्या मनुष्याला एका ठरावीक मर्यादेखाली मजुरी देऊ नये, हे तत्त्व आज उघडपणे कोणी नाकारीत नाही. परंतु ती मर्यादा कायद्याने आखून दिली म्हणजे आपला मुलूख सोडून परक्या शहरात यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या कामगाराचे हित होते, की मजुरी महाग झाल्यामुळे त्याचे कामच जाते, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत, कारखानदारांत आणि खुद्द कामगार-चळवळीतही गेली कित्येक दशके मतभेद आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता आणि तिच्यासोबतच्या तीन संहिता अमलात आल्या. त्यामुळे १९४८ चा किमान वेतन कायदा व १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा हे दोन्ही एकाच दिवशी मागे पडले, आणि या वादाचा हिशेब नव्याने मांडणे अगत्याचे झाले. पुढील विवेचन मुख्यतः यंत्रमागाचा धंदा डोळ्यांसमोर ठेवून केले आहे; कारण भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव आणि सुरत येथे हा प्रश्न जितका उघड्यावर पडलेला दिसतो तितका तो क्वचितच अन्यत्र दिसत असेल. चीन व मलेशिया यांचा विचार तुलनेपुरता केला आहे.

पूर्वपीठिका

स्थलांतरिताच्या वेतनाचा प्रश्न आपल्याकडे कायद्याच्या आधीपासून आहे. मुंबईच्या गिरण्यांत साचे चालविणारा कामगार बहुतांशी रत्नागिरीचा, साताऱ्याचा किंवा घाटावरचा असे. बायकामुले गावी, आपण गाळ्यात दहा-पंधरा गाववाल्यांसोबत, जेवण खानावळीत, आणि नोकरी जॉबरच्या मर्जीवर, असा त्याचा संसार होता. १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या रॉयल कमिशनने असे नमूद केले की, हा कामगार शहराच्या ओढीने येत नाही, तर गावातील दारिद्र्य त्याला बाहेर लोटते. आणि त्याचा गावाशी असलेला संबंध तोडू नये, तर तो नियमित करावा, अशी शिफारसही केली. या शिफारशीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे कामगार आजारी पडला, म्हातारा झाला किंवा बेकार झाला तर त्याचा भार गाव उचलील. शहरातील वेतन ठरविताना हे गृहीत आजपर्यंत कोणी फारसे तपासून पाहिलेले नाही.

१९४८ च्या कायद्याने सरकारला परिशिष्टातील धंद्यांपुरते किमान वेतनाचे दर ठरविण्याचा आणि निदान पाच वर्षांनी त्यांचा फेरविचार करण्याचा अधिकार दिला. दर कोणत्या मापाने ठरवावेत हे मात्र कायद्यात सांगितले नव्हते. ते माप जुलै १९५७ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या पंधराव्या भारतीय कामगार परिषदेने दिले : एका कमावत्यामागे खाणारे तीन एकक, प्रत्येकी २,७०० कॅलरींचा आहार, चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक घरबांधणी योजनेतील किमान भाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या शेकडा २०. पुढे १९९१ साली रॅप्टाकोस ब्रेट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ व म्हातारपण यांसाठी त्यात शेकडा २५ ची भर घालावी, असे म्हटले. त्याआधी, १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेले काम ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारी होय, असा निर्णय दिला होता. या निर्णयाचे महत्त्व सांगावे तितके थोडे आहे, कारण त्यामुळे किमान वेतन हा अर्थव्यवहाराचा विषय न राहता मूलभूत हक्काचा विषय झाला.

१९७९ चा कायदा ओडिशातील दादन पद्धतीच्या अनुभवातून जन्मला. ठेकेदारामार्फत परराज्यात नेलेल्या कामगाराला स्थानिकाइतकेच वेतन, प्रवासभत्ता आणि मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी जो अधिक असेल तो विस्थापन भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. परंतु ठेकेदाराशिवाय, भावाच्या वा गाववाल्याच्या सांगण्यावरून आलेला कामगार त्याच्या व्याख्येत बसत नव्हता, आणि यंत्रमागावर तर बहुतेक कामगार असेच येतात.

मतांतरे

पहिले मत रोजगारघटीचे आहे. वस्तूची किंमत कायद्याने चढविली तर तिची मागणी घटते, आणि श्रम हीही विकत मिळणारी वस्तूच असल्याने हाच नियम तिला लागू पडतो, हा युक्तिवाद जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४६ साली मांडला. स्थलांतरिताच्या बाबतीत त्याला १९७० साली हॅरिस व टोडारो यांनी जी जोड दिली ती अधिक मर्मभेदी आहे : शहरातील वेतन कृत्रिमपणे उंच राहिले, तर खेड्यातील माणूस त्या वेतनाचा आणि ते मिळण्याच्या संभवाचा गुणाकार मनात करून निघतो, परिणामी कारखान्यातील जागा वाढत नाहीत, मात्र दारापाशी उभ्या असलेल्यांची रांग वाढते. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत याच्याशी मिळतीजुळती गोष्ट घडली. १९८८ साली तेथील मजुरी जवळजवळ दुप्पट झाल्यावर कामाची शिधावाटप करावी तशी वाटणी होऊ लागली आणि हमी सैल पडली, असा निष्कर्ष रॅव्हेलियन, दत्त व चौधरी यांनी काढला. हे उदाहरण सरकारी खर्चाने चालणाऱ्या कामाचे आहे, कारखान्याचे नव्हे. तथापि त्यातील इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दुसरे मत मालकाच्या बाजारसत्तेपासून निघते. जेथे काम देणारे थोडे आणि कामगाराला दुसरीकडे जाण्याची सोय नाही, तेथे मालक मजुरी तिच्या स्वाभाविक पातळीखाली दाबू शकतो. अशा वेळी कायद्याने दर वाढविला तरी रोजगार घटत नाही, क्वचित वाढतोही. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली या विचाराचा पाया घातला, आणि न्यू जर्सीतील १९९२ च्या वेतनवाढीनंतर तेथील उपाहारगृहांत रोजगार घटल्याचे दिसत नाही, असे दाखवून कार्ड व क्रूगर यांनी १९९४ मध्ये त्याला प्रत्यक्ष पुराव्याचे बळ दिले. न्यूमार्क व वॉशर यांनी त्या पुराव्यावर आक्षेप घेतले आणि तो वाद अद्याप चालू आहे. स्थलांतरिताला हे विवेचन विशेषेकरून लागू पडते, कारण उचल घेतलेला, मालकाच्याच खोलीत निजणारा, रेशनकार्ड गावी असलेला आणि स्थानिक भाषा न येणारा मनुष्य मजुरी न पटल्यास दुसऱ्या शेडचा दरवाजा सहजी ठोठावू शकत नाही.

तिसरे मत संस्थात्मक म्हणता येईल. दक्षिण गुजरातेत अनेक दशके संशोधन करणाऱ्या यान ब्रेमन यांच्या मते मालक परमुलखातील मजूर पसंत करतात त्याचे कारण तो स्वस्त असतो एवढेच नव्हे, तर तो हुकमी असतो, रात्री-अपरात्री उपलब्ध असतो आणि गावकीचा आधार नसल्याने त्याला केव्हाही काढून टाकता येते, हे आहे. हे खरे असेल तर वेतन समान करूनही ही पसंती नाहीशी होणार नाही. उलट, ‘दर सारखे झाले की मालक आपोआप स्थानिकांना घेतील’ ही जी आशा भूमिपुत्रांच्या राजकारणात वरचेवर व्यक्त होते, तिचा पायाच ढिला ठरतो. महाराष्ट्रात स्थानिकांना शेकडा ८० जागा देण्याचे सरकारी धोरण १९६८ पासून आहे. हरियाणाने खाजगी नोकऱ्यांत शेकडा ७५ जागांचा केलेला कायदा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द ठरविला. या दोहोंतून निर्माण होणारा वाद घटनेचा आहे, आणि तो येथे लांबविण्याचे प्रयोजन नाही.

चीन व मलेशिया

चीनने मार्च २००४ पासून किमान वेतनाचे नवे नियम लागू केले, दर दोन वर्षांनी फेरविचार बंधनकारक केला आणि कमी वेतन देणाऱ्यावरील दंड पुष्कळ वाढविला. खेड्यातील नोंदणी घेऊन शहरात आलेल्या कोट्यवधी कामगारांचा मूळ पगार बहुधा या किमान दराइतकाच असे, आणि उरलेली कमाई जादा तासांची. त्या देशातील अभ्यासांचे निष्कर्ष एकाच दिशेचे नाहीत. फांग व लिन यांना तरुण, स्त्रिया व अल्पकुशल यांच्या रोजगारावर अनिष्ट परिणाम आढळला. मेनेरिस, पाँसे व झांग यांना असे दिसले की, दुबळे कारखाने बंद पडण्याचे प्रमाण वाढले, पण जे टिकले त्यांची उत्पादकता वाढली आणि वाढीव वेतन त्यांनी त्यातून भागविले. कारखान्यांचा अभ्यास करणारा टिकलेल्यांची प्रगती पाहतो आणि माणसांचा अभ्यास करणारा बाहेर पडलेल्यांची हानी पाहतो, म्हणून हे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात.

मलेशियाचे उदाहरण लहान पण बोलके आहे. तेथे २०१३ साली द्वीपकल्पात महिना ९०० रिंगिट हा दर लागू झाला व तो परदेशी कामगारांनाही लागू केला. मात्र त्याच जानेवारीत परदेशी कामगारामागे सरकारला द्यावयाची पट्टी त्याच्याच पगारातून कापण्याची मुभा मालकांना मिळाली. नेपाळ व बांगलादेशातून आलेल्या मजुराच्या हाती पडलेली वाढ अशा रीतीने दुसऱ्या दाराने काही अंशी परत गेली. त्याचा रोजगार टिकला असे आकडे सांगतील, आणि ते आकडे खोटेही नसतील.

यंत्रमागाच्या शेडमध्ये

आता भिवंडी-इचलकरंजीकडे वळू. येथे मजुरी रोजावर नव्हे, तर मीटरवर ठरते. इचलकरंजीत ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे अमुक पैसे असा मूळ दर धरून पिकाच्या चढउतारानुसार बाकीचे दर बसवितात, आणि मालक-कामगारांतील तंटे बहुधा या पैशांवरूनच होतात. माग चालविणारा, कांडीवाला, वहिफणीवाला, जॉबर, दिवाणजी या सर्वांचे हिशेब वेगळे. मालकांतही दोन थर आहेत : स्वतःचे सूत घेऊन कापड विकणारे, आणि व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणारे खर्चीवाले. खर्चीवाल्याला मिळणारा दर व्यापारी ठरवितो, म्हणून वेतनवाढीची मागणी आली की आपल्यावरच संकट कोसळते, अशी कैफियत तो मांडतो. ती अगदीच निराधार नाही. किमान वेतनाचा कायदा कामगार व त्याचा मालक एवढ्या दोघांनाच ओळखतो, पण मजुरीची खरी मर्यादा ठरविणारा तिसरा मनुष्य बाजारपेठेतील आपल्या पेढीवर बसलेला असतो.

कायद्याने या नगावरील मजुरीचा विचार केलाच नव्हता असे नाही. नगाचा किमान दर ठरविलेला नसून वेळेचा दर ठरविलेला असेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या दराहून कमी देता कामा नये, असे १९४८ च्या कायद्याचे १७ वे कलम सांगत होते. परंतु प्रत्यक्षात हिशेब कसा फिरतो तो पाहावा. समजा, आठ तासांचा किमान दर ५०० रुपये आहे, आणि कामगाराने बारा तासांच्या पाळीत विणलेल्या कापडाची मजुरी ७०० रुपये झाली. दप्तरात पाहिले तर त्याला किमान दराहून २०० रुपये अधिक मिळाले. ताशी हिशेबाने मात्र त्याला ५८ रुपयांच्या आसपास पडले, कायद्याचा साधा दर साडेबासष्ट. आणि जादा चार तास दुप्पट दराने धरले तर त्याचे घेणे १,००० रुपये होते. तपासनीस येतो तेव्हा मस्टरवर आठच तास असतात, किंवा मस्टरच नसते, कारण दहाहून कमी माणसे दिसावीत म्हणून एका छपराखालचे माग तीन नावांवर वाटलेले असतात. नव्या संहितेने कारखाना ठरण्यासाठी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहाऐवजी वीस कामगारांची अट घातली असल्याने ही वाटणी करण्याचीही गरज आता कमी भासेल.

दर मान्य करूनही मजुरी कापण्याच्या युक्ती जुन्या आहेत. गोंदियाच्या विडीधंद्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची ‘छाट’ किती असावी यावर मुंबई सरकारने १९५८ च्या अधिसूचनेने मर्यादा घातली; मालकसंघ सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि सरकारला वेतनाचा दर ठरविता येतो, छाटीच्या तंट्यांचा निकाल या कायद्याखाली लावता येत नाही, असा निर्णय झाला. दर ठरला, पण त्या दराने मोजावयाच्या नगांची गणती मालकाच्याच हाती राहिली. यंत्रमागावर कापडातील दोषांसाठी होणाऱ्या कपातीचेही असेच आहे. स्थानिक बाई निदान संघाकडे धाव घेईल. गंजामहून सुरतेला किंवा गोरखपूरहून भिवंडीला आलेला मनुष्य ज्याच्याकडे धाव घेणार, त्या गाववाल्यानेच त्याला येथे आणलेले असते आणि त्यालाही मालकाशी संबंध राखावयाचे असतात.

आपल्या देशातील पुराव्याचा मोठा भाग याच दिशेने बोट दाखवितो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार २००९-१० मध्ये नियमित पगारी कामगारांपैकी शेकडा १५ आणि रोजंदारीवरील शेकडा ४१ कामगारांना राष्ट्रीय तळपातळीहून कमी मजुरी मिळत होती. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीने ४२९ परिशिष्टित धंदे व अकुशल कामगारांच्या १,९१५ प्रतवाऱ्या मोजल्या, आणि तरीही दर तीन वेतनदारांपैकी एक कायद्याच्या छत्राबाहेर असल्याचे सांगितले. जुन्या कायद्यातील शिक्षा म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. जो दर पाळलाच जात नाही त्याने रोजगार घटला की वाढला, हे विचारणे व्यर्थ आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. मला तो अर्धाच पटतो. न पाळलेल्या दराचाही दबाव पडतो : संप मोडताना, करार करताना, कामगार अधिकाऱ्यापुढे तडजोड होताना सरकारी दराचा दाखला दिला जातो, आणि मजुरी त्या दराला न पोचली तरी त्याच्या दिशेने सरकते. तसेच मालक माणसे कमी करण्याऐवजी त्यांचे कामगारपण पालटतात. संघटित कारखान्यांत शतकाच्या आरंभी पाच कामगारांमागे एक कंत्राटी होता, आज दोन आहेत. स्थलांतरिताच्या रोजगारावरील परिणाम मोजावयाचा तर संख्येआधी हे पालटलेले रूप मोजले पाहिजे.

धंद्याचे स्थलांतर

वेतनाच्या दराने माणूस हलतो तसा धंदाही हलतो. केरळने १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा लागू करताच १९६८ मध्ये मंगळूरच्या कारखानदारांनी कन्नूर भागातील काम बंद करून ते कर्नाटकात नेले आणि हजारो कामगार बेकार झाले. त्यांच्यातूनच १९६९ साली दिनेश बीडी ही सहकारी संस्था उभी राहिली. त्याच केरळात पुढे मजुरी देशात सर्वाधिक झाली, तेव्हा पेरुंबावूरच्या प्लायवुड कारखान्यांत आसाम, बंगाल व ओडिशातून माणसे येऊ लागली. एकाच प्रांतात उंच मजुरीने एक धंदा बाहेर लोटला आणि दुसऱ्यात परप्रांतीय आत ओढले. मात्र दुसऱ्या घटनेचे श्रेय कायद्याच्या दराला की आखाती पैशाने चढलेल्या बाजारभावाला द्यावयाचे, यावर एकमत नाही.

राष्ट्रीय तळवेतनाचा पुरस्कार करणारे कन्नूरचाच दाखला देतात : राज्याराज्यांतील चढाओढ थांबावयाची तर सर्वांना समान तळ हवा. १९९६ साली ३५ रुपये रोजाने सुरू झालेली राष्ट्रीय पातळी केवळ सल्लावजा होती. वेतन संहितेने ती बंधनकारक केली आणि परिशिष्टाची अटही काढून टाकली. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, बिहार वा ओडिशासारख्या प्रांतांपाशी स्वस्त मजुरीखेरीज उद्योगांना आकर्षून घेण्याजोगे दुसरे काही नाही. तेथे तळ उंच नेला तर कारखाने तेथे येणार नाहीत आणि स्थलांतर उलट वाढेल. यावर उलट टोक दाखविणारे काम इंबर्ट व पॅप यांचे आहे : राजस्थान, गुजरात व मध्य प्रदेश यांच्या सीमाभागात रोजगार हमीचे काम गावात मिळाले तेथे हंगामी स्थलांतर घटले. गावातील मजुरी सुधारली तर शहरातील मालकाला माणूस स्वस्तात मिळत नाही, हे यातून निघते. कारखाने गावाकडे येतील की नाही, हे निघत नाही.

जे उलगडलेले नाही

पहिली अडचण गणनेची. उद्योगांची वार्षिक पाहणी कंत्राटी कामगार वेगळा मोजते, पण तो कोठून आला हे विचारीत नाही. श्रमबल सर्वेक्षणाने २०२०-२१ मध्ये स्थलांतराचे प्रश्न विचारले, पण ते वर्ष टाळेबंदीने विस्कटलेले होते. त्यामुळे काम गेलेला स्थलांतरित गावी परतला, दुसऱ्या शेडमध्ये गेला की बांधकामावर, याचा माग लागत नाही.

दुसरी गोष्ट ठेकेदाराशिवाय आलेल्याची. नव्या संहितेने स्वतःहून आलेल्या कामगारालाही, महिना १८,००० रुपयांच्या वेतनमर्यादेत, व्याख्येत घेतले, हे निःसंशय स्वागतार्ह आहे. विस्थापन भत्ता मात्र गेला, आणि दहा स्थलांतरित असल्याखेरीज आस्थापनेला त्या तरतुदी लागू नाहीत. छोट्या शेडचा कामगार पुन्हा उंबऱ्याबाहेरच राहतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि तिच्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले आहे. १९५७ चे माप असो, की अनूप सत्पथी समितीने २०१९ मध्ये सुचविलेले ३.६ एककांचे व ३७५ रुपये रोजाचे माप असो, दोन्ही कुटुंब एका छपराखाली राहते असे मानतात. सत्पथी समितीने शहरी कामगाराला महिना १,४३० रुपयांपर्यंत घरभाडे वेगळे द्यावे असे म्हटले, तेही एकाच घराचे. स्थलांतरिताला दोन चुली चालवाव्या लागतात : एक खानावळीची व भाड्याच्या खोलीची, दुसरी गावची, शिवाय वर्षातून दोनदा रेल्वेचे भाडे, आणि गावी जाऊन आल्यावर बुडालेले रोज. त्याच्या आईबापांचे म्हातारपण आणि त्याचे स्वतःचे आजारपण गाव सोसते, म्हणून शहरातील मालकाला तो कमी दरात परवडतो, असे ब्रेमन यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात. दुसरे म्हणतात की, गावचा खर्च कमी असल्याने शहरी दराने कुटुंबाचे भागून शिल्लकही उरते. सुरतेतून गंजामला जाणाऱ्या मनिऑर्डरी दोन्ही पक्ष पुरावा म्हणून पुढे करतात.

संहितेचे ९ वे कलम केंद्र सरकारला कामगाराचे किमान जीवनमान लक्षात घेऊन तळवेतन ठरविण्यास सांगते, आणि निरनिराळ्या भौगोलिक प्रदेशांसाठी निरनिराळे तळवेतन ठरविण्याची मुभाही देते. ज्याची पोरे गंजाममध्ये शाळेत जातात आणि जो स्वतः सुरतेत बारा तास मागापाशी उभा असतो, त्याचे जीवनमान या दोहोंपैकी कोणत्या प्रदेशात मोजावयाचे, याचे उत्तर त्या कलमात नाही, आणि आजवरच्या कोणत्याही समितीनेही ते दिलेले नाही.